मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये

(बी. ए. भाग २)

समुद्र मी अजून पाहिलेला नाही. हे लिहिताना थोडा संकोच वाटतो, कारण आमच्या वर्गातील दोघी-तिघी कोकणात जाऊन आल्या आहेत आणि तिथल्या गोष्टी त्या मोठ्या ऐटीत सांगतात. परंतु शेंदूरजनाघाटच्या माणसाने समुद्र पाहिला नाही तर त्यात नवल ते काय? गावाच्या उत्तरेला सातपुडा, सातपुड्यापलीकडे मध्य प्रदेश आणि उरलेल्या दिशांना संत्र्याचे बगीचे. अरबी समुद्र घ्या की बंगालचा उपसागर, दोन्ही आमच्यापासून पाचशे किलोमीटरांहून दूर. आमच्याकडे लाट येते ती उन्हाची, आणि भरती येते ती वरूडच्या एस. टी.ला.

तरीही समुद्राची बातमी आमच्या घरात रोज येत असे. ती आजोबांच्या रेडिओतून येई. आजोबांना लिहिता-वाचता येत नव्हते, पण संध्याकाळच्या बातम्या त्यांनी कधी चुकवल्या नाहीत. शेवटी हवामान यायचे. पावसाळ्याच्या दिवसांत निवेदक एका सुरात सांगायचा, की समुद्र खवळलेला राहील, तरी मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. हे ऐकले की चुलीपुढे बसलेली आई हळूच म्हणायची, "आपल्या घरचं कोन जाते समुद्रात? कायले आयकाचं ते?" आम्ही दोघी बहिणी तोंड दाबून हसायचो. आजोबा मात्र हसत नसत. ते म्हणत, "समुद्र खवयला का समजून घ्या, आपला पाऊस घरून निघाला."

लहानपणी मला हे अनुमान नक्षत्राच्या वाहनासारखे वाटे. मृगाचे वाहन कोल्हा आहे की हत्ती, हे पंचांगात पाहून पावसाचा विचार करणारी माणसे आमच्या आळीत आजही आहेत. आपल्या वऱ्हाडातच, बुलढाणा जिल्ह्यात, भेंडवळ गाव आहे. तिथे अक्षय तृतीयेला शेतात घटमांडणी होते. मधोमध मातीची चार ढेकळे ठेवतात, ते पावसाळ्याचे चार महिने. त्यांवर पाण्याने भरलेली घागर आणि भोवताली धान्ये. दुसऱ्या दिवशी पहाटे कोणते ढेकूळ किती भिजले, कोणते धान्य किती सरकले, हे पाहून भाकीत सांगतात. वर्तमानपत्रे ते आवर्जून छापतात. मी या मांडणीची थट्टा करणार नाही. ज्याचे वर्षभराचे पोट आभाळावर चालते, त्याला कुणीतरी काहीतरी आधी सांगावे असे वाटणारच. ही भूक फार जुनी आहे.

पहिल्या वर्षाला भूगोल घेतला तेव्हा कळले, की आजोबांचे अनुमान वाहनांच्या जातीचे नव्हते. सरांनी फळ्यावर भारताचा नकाशा काढला आणि उपसागरातून एक बाण थेट आमच्या दिशेने ओढला. अरबी समुद्रावरून येणारे वारे आपला मोठा साठा सह्याद्रीवर आणि कोकणात रिता करतात. विदर्भाच्या वाट्याला मोठा पाऊस येतो तो बव्हंशी बंगालच्या उपसागराकडून. जून ते सप्टेंबर या काळात उपसागराच्या उत्तर भागात कमी दाबाची क्षेत्रे तयार होतात. ती ओडिशाचा किनारा ओलांडून छत्तीसगड, विदर्भ, मध्य प्रदेश अशी पश्चिमेकडे व वायव्येकडे सरकतात. त्यांच्या वाटेच्या डाव्या अंगाला पाऊस अधिक पडतो, आणि पुष्कळदा त्या डाव्या अंगाला आपण असतो. उपसागरातून इथवर यायला त्यांना दोन-चार दिवस लागतात. आजोबांचे "घरून निघाला" हे वाक्य इतके नेमके होते! त्यांनी ते पन्नास पावसाळे रेडिओ ऐकून आणि पन्नास पावसाळे अंगणात उभे राहून जुळवले होते. सरांचा तास संपल्यावर मला ते त्यांना सांगायचे होते, पण तोवर आजोबा राहिले नव्हते.

मग मी या विषयाच्या मागेच लागले. रेडिओवरील ज्या शब्दांना आम्ही हसत होतो, त्या प्रत्येक शब्दामागे माप आहे. समुद्र 'खवळलेला' म्हणतात तो निवेदकाच्या लहरीने नव्हे. अडीच ते चार मीटर उंचीच्या लाटा उठल्या की तो खवळलेला, चार ते सहा मीटर झाल्या की फार खवळलेला. चार मीटरची लाट म्हणजे आमच्या घराच्या आढ्यावरून जाईल. वाऱ्याचेही तसेच. ताशी ३१ किलोमीटरांच्या आत असेल तोवर ते नुसते कमी दाबाचे क्षेत्र. ३१ ते ४९ झाला की डिप्रेशन. ५० ते ६१ म्हणजे तीव्र डिप्रेशन. ६२ झाला की चक्रीवादळ, आणि मगच त्याचे बारसे. २२२ किंवा त्याहून अधिक वेग असेल तर ते महाचक्रीवादळ. हे सारे घडायला समुद्राचे पाणी वरच्या थरात साधारण २६.५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून ऊन लागते. ऐन पावसाळ्यात वरच्या आणि खालच्या हवेतले वारे एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून कमी दाबाची क्षेत्रे पुष्कळ होतात पण चक्रीवादळे क्वचित. त्यांचे हंगाम दोन: एप्रिल ते जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर.

बारशाची गोष्टही गमतीची आहे. आपल्या बाजूच्या समुद्रांत वादळांना नावे देण्याची पद्धत २००४ साली सुरू झाली. २०२० च्या नव्या यादीत १३ देशांनी प्रत्येकी १३, अशी १६९ नावे दिली. भारताच्या नावांत गती, तेज, नीर, अंबुद आणि जलधी ही नावे आहेत. मराठीच्या सरांनी समानार्थी शब्द विचारले की आम्ही जे आठवत बसतो, ते शब्द आता वादळांच्या नावांवर लागले आहेत.

संत्रा बागाईतदाराला या दुसऱ्या हंगामाची धास्ती जास्त. आमच्याकडे संत्र्याचे दोन बहर. मृग बहराला पावसाबरोबर फूल येते आणि फळ फेब्रुवारी-मार्चला हाती येते. आंबिया बहर जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो आणि दिवाळीच्या आगेमागे तोडाईला येतो. आंबिया धरायचा तर डिसेंबर-जानेवारीत झाडाचे पाणी तोडून त्याला ताण द्यावा लागतो. झाड थोडे सुकले पाहिजे, तरच ते फुलते. आता नेमक्या त्या दिवसांत आंध्र किंवा तमिळनाडूच्या किनाऱ्यावर वादळ आले आणि त्याचे ढग आमच्यावर येऊन बरसले, की ताण तुटतो. झाडाला पालवी फुटते, फूल रुसते. वादळ तिकडच्या किनाऱ्यावर, आणि फुले इकडची गेलेली. गारपीट आणखी तिसऱ्याच समुद्राशी बांधलेली आहे. हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून येणारे थंड हवेचे झोत आणि उपसागराकडून येणारी दमट हवा मध्य भारतावर एकमेकांना भिडतात, तेव्हा गारा पडतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रभर ती गारपीट झाली तेव्हा मी लहान होते. अंगणात पांढरा सडा पडला म्हणून आम्ही मुले टोपली घेऊन धावलो, आणि बाबा मात्र ओट्यावरच बसून राहिले, एवढे आठवते.

पाणी आमच्याकडे नुसते येत नाही, ते परतही जाते. आमच्या शिवारातले नाले वर्धा नदीला मिळतात. वर्धा आणि तापी या दोन्ही नद्या सातपुड्यात मुलताईच्या परिसरातच उगम पावतात. पण तापी पश्चिमेला अरबी समुद्राकडे वळते, आणि वर्धा प्राणहितेतून गोदावरीत, गोदावरीतून बंगालच्या उपसागरात जाते. ज्या समुद्राने पाऊस धाडला त्यालाच आमचे नाले पाणी परत करतात. हा व्यवहार नेहमीच शांतपणे होत नाही. ३० जुलै १९९१ रोजी वर्धेला महापूर आला आणि नदीकाठचे मोवाड वाहून गेले. दोनशेहून अधिक माणसे गेली. आजोबा नंतर तिथे गेले होते. काय पाहिले ते त्यांनी कधी नीट सांगितले नाही. "भितीवर गाळाची रेघ होती," एवढेच म्हणत, आणि हात डोक्याच्या वर नेऊन दाखवत. मला वाटते, बातम्यांना बसण्याची त्यांची शिस्त तेव्हापासूनची असावी.

हवामान खात्याचा इतिहास वाचताना एक गोष्ट माझ्या मनात ठसली. ५ ऑक्टोबर १८६४ रोजी कलकत्त्याला भीषण चक्रीवादळ झाले. पुढे १८६६ आणि १८७१ साली पावसाने दगा दिला आणि दुष्काळ पडले. या दोन्हींचा विचार होऊन १८७५ साली भारतीय हवामान खाते निघाले. पुढे त्याचे मुख्यालय सिमल्याहून १९२८ साली आपल्या पुण्याला आले आणि १९४४ साली दिल्लीला गेले. सांगायचे तात्पर्य, एका बाजूला बुडणारा खलाशी आणि दुसऱ्या बाजूला पावसाची वाट पाहणारा शेतकरी, या दोघांच्या दुःखातून हे खाते जन्मले. ते एकाच बातमीपत्रात शेजारी बसले आहेत, यात चमत्कारिक काही नाही. आईच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे.

आता मी जे लिहिणार आहे ते लिहावे की नाही, याचा बरेच दिवस विचार केला. ताईला विचारले. ती म्हणाली, "लिही न वं, त्यात लाजाचं काय हाये?"

२०२१ साली ताई बारावी झाली. त्या वर्षी परीक्षा झालीच नव्हती, पण गुण चांगले होते आणि तिला अमरावतीला राहून बी. एस्सी. करायचे होते. आमचा बगीचा दोनशे झाडांचा. ऑगस्टमध्ये एका व्यापाऱ्याने आंबिया पाहून सौदा केला, थोडा विसार दिला. बाकीचा पैसा आला की ताईची खोली, मेस आणि फी, असे बाबांनी बोटांवर मोजून ठेवले होते.

२६ सप्टेंबरला उपसागरातले 'गुलाब' चक्रीवादळ आंध्रच्या उत्तर भागात कलिंगपट्टणजवळ किनाऱ्याला लागले. जमिनीवर आले की वादळाचा जोर ओसरतो, कारण त्याचे खाद्य समुद्राचे ऊन पाणी. परंतु गुलाब ओसरत ओसरत तेलंगण, विदर्भ, मराठवाडा असे चालत राहिले. आमच्याकडे झड लागली. तीन दिवस सूर्य दिसला नाही. बगीच्यात पाणी साचले आणि देठाशी बुरशी धरून हिरवी संत्री गळू लागली. सकाळी बगीच्यात गेलो तर झाडांखाली हिरवा गालिचा. पाय ठेवायला जागा नव्हती. बाबा त्यातून चालले नाहीत, ते धुऱ्याधुऱ्याने फिरले. व्यापारी चार दिवसांनी आला आणि त्याने भाव निम्म्यावर आणला. त्याला तरी किती बोल लावावा? त्याने झाडावरचे फळ घेतले होते, खालचे नव्हे.

ताई त्या वर्षी घरी राहिली. पुढच्या वर्षी बघू, असे सगळे म्हणाले. पुढच्या मे महिन्यात तिचे लग्न झाले.

आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिली, असे सत्काराच्या वेळी सांगितले गेले तेव्हा टाळ्या झाल्या. खरे म्हणजे मी दुसरी असायला हवी होते.

त्या गुलाबाचे पुढे काय झाले, ते मला गेल्या वर्षी ग्रंथालयात कळले. ते आमच्यावरून गुजरातकडे गेले, अरबी समुद्रात उतरले, तिथे ऊन पाणी मिळताच पुन्हा फोफावले आणि त्याला नवे नाव मिळाले: 'शाहीन', म्हणजे ससाणा. ३ ऑक्टोबरला ते ओमानच्या किनाऱ्यावर जाऊन आदळले. उपसागरात जन्मून, अख्खा देश ओलांडून, दुसऱ्या समुद्रात पुनर्जन्म घेणारे वादळ क्वचितच होते. त्या नकाशावर त्याच्या वाटेची रेघ काढलेली होती. आमचे गाव त्यावर नव्हते, पण रेघेपासून फार लांबही नव्हते. आमच्या दोनशे झाडांवरून जी झड गेली, ती ओमानला जाता जाता गेली, हे वाचून मला रडू यावे की हसू, ते कळेना.

कुणी म्हणेल, अंदाज आधी कळला असता तर? अंदाज होता. तो बाबांनीही ऐकला होता. पण मच्छीमाराला 'जाऊ नये' म्हटले तर तो नाव किनाऱ्यावर ओढून ठेवतो. त्या दिवसाची कमाई बुडते, जीव वाचतो. संत्र्याचे झाड कुठे ओढून ठेवायचे? हिरवे फळ तोडून तरी काय करायचे? मोवाड, गारपीट, गुलाब. प्रत्येक वेळी मला वाटले, की अंदाज हा ज्याला हलता येते त्याच्यासाठी असतो.

पण या विचाराशी मी थांबू शकले नाही, कारण वाचले ते त्याच्या उलट होते. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशाला महाचक्रीवादळ झाले, तेव्हा सुमारे दहा हजार माणसे गेली. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी त्याच ओडिशात गोपाळपूरजवळ 'फायलिन' आले. तेव्हा किनाऱ्यावरची लाखो माणसे आधीच हलवली होती आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. समुद्र तोच होता. मधल्या चौदा वर्षांत निवारे बांधले गेले, रस्ते झाले, आणि घरोघर जाऊन सांगणारी माणसे तयार झाली. याच्या विरुद्ध उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातले. मे २०२१ मध्ये 'तौक्ते' येणार हे काही दिवस आधी जाहीर झाले होते. तरीही मुंबईजवळच्या समुद्रात कामगारांनी भरलेला एक तराफा बुडाला आणि साठांहून अधिक जीव गेले. त्या कामगारांच्या कानांवर अंदाज गेला असेल. पण 'आज जायचे नाही' हे ठरवणे त्यांच्या हाती नव्हते. म्हणजे अंदाज आणि माणूस यांच्या मध्ये पुष्कळ काही असावे लागते. पैसा लागतो, निवारा लागतो, ठरवण्याचा अधिकार लागतो. आणि आमच्यासारख्या घरात तर सर्वांआधी वाचणारे माणूस लागते.

शेतकऱ्यांसाठी हवामान खात्याचा कृषी सल्ला आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, निघतो. त्यात फवारणी कधी थांबवावी, बगीच्यातले चर कधी मोकळे करावेत, काढलेला माल कधी झाकावा, हे लिहिलेले असते. म्हणजे आमच्यासाठीही 'जाऊ नये' आहे. फक्त ते मोठ्या आवाजात सांगितले जात नाही आणि त्याची भाषा थोडी कार्यालयीन असते. मी ते वाचून घरी सोप्या बोलीत सांगते. पहिले काही महिने बाबा नुसते "हं" म्हणत. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी खांद्यावर पंप घेऊन निघता निघता ते दारात थांबले आणि म्हणाले, "काय म्हंते वं पोरी, तुहा समुद्र?" उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र झाले होते. मी सांगितले, की दोन दिवस थांबा. त्यांनी पंप खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस आला. फवारणीचे औषध महाग असते. ते धुऊन गेले नाही. झाडे हलवता येत नसली तरी पंप खाली ठेवता येतो. चर आधी खोदता येतो. त्याने दोनशे झाडांचे सगळे फळ वाचणार नाही, पण काही वाचेल, आणि आमच्या घरात 'काही' म्हणजे एखाद्या वर्षाची फी असते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये 'मोंथा' नावाचे वादळ उपसागरात होते. हे नाव थायलंडने दिलेले, अर्थ सुवासिक फूल. माझ्या घराशी फुलांच्या नावांचे काय वैर आहे कोण जाणे! ताईच्या सासरी सोयाबीन काढून गंजी लावून ठेवली होती, मळणीयंत्राचा नंबर लागायचा होता. तिचा फोन आला, "पानी येते काय वं? इकडं सारे म्हंते उघाड हाये." मी अंदाज वाचला. वादळ २८ तारखेच्या रात्री आंध्रच्या किनाऱ्याला लागणार, त्यानंतर विदर्भात पाऊस. मी म्हटले, "ताई, आजच झाका." तिने भाऊजींना सांगितले. भाऊजी हसले, पण उठले. रात्री कंदील लावून त्यांनी गंजीवर दोन ताडपत्र्या बांधल्या आणि भोवती नाली खोदली.

पाऊस आला. शेजारच्या गंज्या भिजल्या. सोयाबीन काळे पडले की बाजारात त्याला कुणी विचारत नाही, हे सांगायला नको. ताईचे कोरडे राहिले. चार दिवसांनी तिने पुन्हा फोन केला. सोयाबीनविषयी बोलून झाले, सासूच्या गुडघ्यांविषयी बोलून झाले, आणि मग थोडे थांबून ती म्हणाली, "हे सारं तुले कॉलेजात शिकवते काय?"

मी म्हटले, थोडे शिकवतात, थोडे आपण वाचायचे.

"मंग ते मुक्त विद्यापीठ का काय असते नं," ती म्हणाली, "त्याचा फारम मायासाठी आनशीन काय?"

प्रवेश पावसाळ्यात सुरू होतात. फॉर्म मी आणून ठेवणार आहे. भाऊजींना कसे सांगायचे, ते आम्ही दोघी मिळून ठरवू.